निवडुंग : कुंपणावरून कुंडीत

काटेरी झाड घरात लावू नये, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगत आली आहेत. गुलाबाला त्यातून सूट आहे, लिंबाला आहे, बेलालाही आहे. कारण कुणी फूल देतं, कुणी फळ, कुणी पान. निवडुंगाला मात्र ही सवलत कधी मिळाली नाही. तरीही आज अकोल्याच्या किंवा वाशिमच्या एखाद्या रोपवाटिकेत गेलात, तर छोट्या छोट्या कुंड्यांमधून निवडुंगाची रोपं रांगेनं मांडलेली दिसतील. लोक ती हौसेनं घेतात, खिडकीत ठेवतात, वाढदिवसाला भेटही देतात. ज्या झाडाला आपल्या आजोबा-पणजोबांनी कोयत्यानं तोडलं, पेटवलं, खड्ड्यात गाडलं, तेच झाड आपण पैसे मोजून घरात आणतो आहोत.

माझं गाव जऊळका. अकोल्याहून वाशिमकडे रेल्वेनं येताना वाशिमच्या अलीकडे हे स्टेशन लागतं. २००८ साली हा मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, एवढाच काय तो अलीकडच्या काळातला आमचा मोठा बदल. जमीन काळी, पीक सोयाबीन-तुरीचं आणि मे महिन्यात ऊन असं, की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. माझ्या ओसरीच्या कठड्यावर मातीच्या कुंडीत एक फड्या निवडुंग आहे. नागफणी म्हणतात तो. तळहाताएवढे चपटे हिरवे फड, एकावर एक बसवल्यासारखे. शेजारच्या काकूंनी तो पाहिला आणि विचारलं, "काहून जी मास्तर, गावाबाहेर काढेल काटा घरात आणला?"

प्रश्न अगदी नेमका होता. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवल्यामुळे मला असे प्रश्न आवडतात. काटा गावात आला कसा, गावाबाहेर गेला कसा आणि घरात परतला कसा, या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय त्याचं उत्तर पुरं होत नाही. त्या सांगण्यासाठीच आज मी बोलतो आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. मराठीत 'निवडुंग' हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या कुळांतल्या झाडांसाठी वापरतो. एक आपला देशी निवडुंग, ज्याला कुठे थोर, कुठे त्रिधारी, कुठे काटेनिवडुंग म्हणतात. त्याचं खोड जाड, धारेचं आणि मोडलं की पांढरा चीक येतो. आयुर्वेदातली 'स्नुही' ती हीच. मूळव्याध-भगंदरावर वैद्य जे क्षारसूत्र वापरतात, त्या दोऱ्याला याच स्नुहीच्या चिकाची पुटं देतात. दुसरा फड्या निवडुंग. त्याला पांढरा चीक नाही. फड मोडला तर आत बुळबुळीत पाणीदार गर. हा दुसरा आपला नव्हे. तो अमेरिका खंडातून आला. तेव्हा जुन्या ग्रंथात किंवा दंतकथेत निवडुंग दिसला, की तो फड्याच असेल असं धरून चालू नये. पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात तिथेच मुक्कामाला असते. विठोबाची मूर्ती निवडुंगाच्या रानात सापडली म्हणून हे नाव पडलं, असं परंपरा सांगते. देवालाही ज्या झाडाचं नाव लागलं, ते गावाशेजारी किती माजलं असेल, याची त्यावरून कल्पना येते.

फड्या निवडुंगाचं माहेर मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा मुलूख. तिथे तो काटा नाही, अन्न आहे. कोवळे फड सोलून त्यांची भाजी करतात, लाल बोंडं फळ म्हणून खातात. अ‍ॅझ्टेक लोकांच्या कथेप्रमाणे, निवडुंगावर बसलेला गरुड जिथे दिसला तिथे त्यांनी आपली राजधानी वसवली. साल धरतात १३२५. आज मेक्सिकोच्या राष्ट्रध्वजावर तो गरुड आहे आणि त्याच्या पायाखाली हाच आपला फड्या निवडुंग आहे. आपण ज्याला गावाबाहेर हाकललं, त्याला त्या देशानं झेंड्यावर बसवलं.

अमेरिकेतून आपल्याकडे मिरची आली, पेरू आला, सीताफळ आलं, भुईमूग आला. निवडुंगाच्या मागे मात्र एक वेगळाच व्यवहार होता. त्याचं फळ किंवा फड कुणाला नको होता. हवा होता तो त्याच्यावर जगणारा एक किडा.

या किड्याला कोचिनील म्हणतात. आपल्या लाखेच्या किड्याचा हा लांबचा भाऊबंद. मादी फडाला चिकटून बसते, हलत नाही, अंगाभोवती कापसासारखं पांढरं आवरण करून घेते आणि रस शोषत राहते. तिला चिरडलं की गडद किरमिजी रंग निघतो. एक पौंड रंगद्रव्यासाठी वाळवलेले सुमारे ७० हजार किडे लागत. युरोपातल्या राजांचे झगे, धर्मगुरूंची वस्त्रं, इंग्रज अधिकाऱ्यांचे लाल कोट यांना हा रंग लागे. आणि तो सगळा स्पेनच्या ताब्यातल्या मेक्सिकोतून येई. सोन्या-चांदीखालोखाल मोलाचा हा माल. स्पेननं त्याचं गुपित जपून ठेवलं होतं. १७७७ साली तिएरी द मेनोंव्हिल नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं मेक्सिकोत शिरून हे किडे फडांसकट चोरून कॅरिबियन बेटावरच्या फ्रेंच वसाहतीत नेले, इतकं त्यांचं मोल होतं.

ईस्ट इंडिया कंपनीला हा धंदा आपल्या हाती हवा होता. मद्रासेत डॉ. जेम्स अँडरसन नावाचे कंपनीचे मोठे वैद्यकीय अधिकारी होते. त्यांनी सैदापेठेजवळ निवडुंगाची बागच उभी केली. बाग तयार, पण किडा नाही. अखेर १७९५ साली कॅप्टन नीलसन नावाचा एक लष्करी अधिकारी रिओ दि जानेरोहून काही किडे जिवंत घेऊन कलकत्त्याला पोचला. आनंदीआनंद झाला. पण तो किडा खरा पाळीव कोचिनील नव्हता. त्याचा रानटी भाऊ होता. त्याच्यापासून मिळणारा रंग हलका. धंदा बसला. उलट त्या किड्यानं एक भलतंच काम केलं. उत्तर हिंदुस्थानात तेव्हा निवडुंगाची जी एक जात पसरली होती, ती त्यानं थोड्याच वर्षांत खाऊन फस्त केली. मग १८३६ ते १८३८ च्या दरम्यान तोच किडा मुद्दाम दक्षिणेत नेऊन सोडण्यात आला. एखाद्या तणावर परदेशी किडा सोडून त्याचा बंदोबस्त करणं, याचं जगातलं पहिलं उदाहरण म्हणून शास्त्राच्या पुस्तकांत आज हीच हकिकत सांगतात. ठरवलं होतं रंग काढायचं आणि साधलं तण काढायचं.

एक जात संपली, पण फड्याच्या दुसऱ्या जाती या किड्याला दाद देत नव्हत्या. त्या दख्खनभर पसरत राहिल्या. आणि त्या आपोआप पसरल्या असं मानण्याचं कारण नाही. माणसानं त्या लावल्या. शेताला कुंपण हवं, गोठ्याला आडोसा हवा, गावाभोवती चोराचिलटांपासून, रानडुकरांपासून बंदोबस्त हवा. फड मोडून बांधावर खोचला की काम झालं. ना पाणी, ना राखण, ना खर्च. गाईगुरं तोंड लावत नाहीत. तीन-चार वर्षांत माणसाच्या उंचीची भिंत उभी.

सरकारलाही ही युक्ती पटली होती. मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ इकडून तिकडे नेऊ नये म्हणून इंग्रजांनी देशाच्या मधोमध एक जकातीची रेषा आखली होती. १८६९ साली ती सुमारे २,३०० मैल लांब होती आणि तिच्यावर सुमारे १२ हजार माणसं पहाऱ्याला होती. या रेषेवर मैलोगणती जिवंत काटेरी कुंपण वाढवलेलं होतं. बाभूळ, बोर, करवंद आणि जिथे जमीन फारच कोरडी तिथे निवडुंग. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ए. ओ. ह्यूम काही काळ या खात्याचे प्रमुख होते. हे कुंपण बऱ्हाणपूरपर्यंत आलेलं होतं. म्हणजे आपल्या वऱ्हाडाच्या शेजारापर्यंत. १८७९ साली ही रेषा मोडीत निघाली आणि लोक ती विसरूनही गेले. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकानं तिचा माग काढून २००१ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे तिची आठवण जागी झाली.

आता कुंपणाचा स्वभाव पाहा. दगडाचं कुंपण जिथे घातलं तिथे राहतं. निवडुंगाचं कुंपण चालू लागतं. एक फड गळून पडला, की तिथे मूळ धरतो. बोंडं पक्षी खातात, माकडं खातात, बिया दूरवर पडतात. पुरात वाहून गेलेला फड खालच्या गावाच्या नाल्याकाठी रुजतो. हातभर रुंदीचं कुंपण वीस वर्षांत दहा हात रुंद होतं. शेताची कड खातं, गावठाणाची वाट अडवतं, विहिरीकडे जायची पायवाट बंद करतं. त्यात साप-विंचू राहतात, उंदीर-घुशी राहतात, गावाची घाण तिथेच साचते. त्यात शिरून साफसफाई कोण करणार? तोडायचं म्हटलं तर प्रत्येक तुकडा नवं झाड. जाळायचं म्हटलं तर आत पाणीच पाणी, पेटत नाही. माझे आजोबा सांगत, की एकेका शेताच्या धुऱ्यावरचा फड्या काढायला माणसं लावली, तर मजुरी जमिनीच्या किमतीला जाऊन भिडायची. धुरा म्हणजे बांध, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. बाकीच्या मंडळींसाठी सांगितलं.

एक मात्र खरं. दुष्काळात हाच काटा कामाला आला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाडाचं कंबरडं मोडलं. चारा नाही म्हणून गुरं मेली. अशा वेळी फड विस्तवावर धरून काटे जाळायचे, बारीक चिरायचे आणि जनावरांपुढे टाकायचे, हा उपाय दख्खनेत करून पाहिला गेला. पुढे मुंबई इलाख्याच्या शेती खात्यानंही त्याचे प्रयोग केले. फडात बहुतेक पाणीच असतं, पोषण थोडं. नुसत्या फडावर जनावर तगत नाही. सोबत कडबा, भुसा काहीतरी लागतंच. पण चाराही नाही आणि पाणीही नाही अशा दिवसांत तहान-भूक दोन्ही थोडी थोडी भागवणारं दुसरं झाड कोणतं होतं?

हा उच्छाद फक्त आपल्याकडेच होता असं नाही. ऑस्ट्रेलियात तर कहर झाला. तिथे १७८८ साली गोऱ्या वसाहतकारांच्या पहिल्या तांड्याबरोबरच, याच लाल रंगाच्या लोभानं, रिओहून निवडुंग आणि किडे नेले गेले. पुढे कुंपणासाठी आणखी जाती नेल्या. १९२५ च्या सुमारास तिथली सहा कोटी एकर जमीन निवडुंगाखाली गेली होती. माणसं घरंदारं सोडून निघून गेली. त्याआधी, १९१२ ते १९१४ या काळात, त्यांच्या सरकारनं दोन शास्त्रज्ञांना जगभर फिरून यावर उपाय शोधायला पाठवलं. ते आपल्या देशातही आले होते. शेवटी अर्जेंटिनातून एका पतंगाची सुमारे २,७५० अंडी नेली, ती वाढवून पसरवली आणि त्या पतंगाच्या अळ्यांनी काही वर्षांतच रान मोकळं केलं. क्वीन्सलंडमध्ये बूनार्गा नावाच्या खेड्यात १९३६ साली बांधलेलं एक सभागृह त्या पतंगाच्या नावानं आहे. किड्याच्या उपकाराची अशी जाण क्वचितच कुणी ठेवतं.

आपल्याकडे पतंग लागला नाही. १९२६ साली सिलोनमधून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, कोचिनीलचा आणखी एक भाऊ आणला गेला. हा मूळचा अमेरिकेतला. पहिल्या किड्यानं ज्या जातींना हात लावला नव्हता, नेमक्या त्याच याला आवडल्या. कीड लागलेले फड तोडून दुसऱ्या रानात नेऊन टाकायचे, एवढीच मेहनत. पाच-सहा वर्षांत दख्खन आणि दक्षिणेतली रानंच्या रानं पांढरी पडली, सडली, वाळली. गावांच्या वाटा मोकळ्या झाल्या. शेतांच्या कडा परत मिळाल्या. आजोबा म्हणत, फड्याला कापूस फुटला आणि तो मेला. त्यांना किड्याचं नाव ठाऊक नव्हतं. पण निरीक्षण अचूक होतं.

म्हणजे पाहा, किडा हवा म्हणून निवडुंगाची बाग लावली. निवडुंग नको झाला म्हणून किडा आणला. सव्वाशे-दीडशे वर्षांत चक्र पुरं फिरलं.

आता काटा घरात कसा परतला? त्याची वाट शहरांतून आली. फ्लॅटच्या खिडकीत जागा कमी, पाणी घालायला वेळ कमी. आठवडाभर गावाला गेलं तरी न मरणारं झाड लोकांना हवं होतं. ते रोपवाटिकांनी पुरवलं. ज्या गुणांमुळे निवडुंग रानात आटोक्यात येईना, त्याच गुणांमुळे तो कुंडीत सोयीचा ठरला. म्हणूनच त्याची निगा कशी राखावी हे समजायला त्याचा इतिहास उपयोगी पडतो. माझ्याकडे तो बरीच वर्षं आहे, तेव्हा अनुभवानं चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट मातीची. आपली काळी माती कपाशीला उत्तम, निवडुंगाला वाईट. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. एक भाग माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग विटांचा चुरा आणि मूठभर कुजलेलं शेणखत, असं मिश्रण करावं. कुंडी मातीचीच घ्यावी, खाली भोक हवंच. प्लास्टिकच्या रंगीत कुंडीत ओल फार दिवस टिकते.

दुसरी गोष्ट पाण्याची. हे झाड दिवसा श्वास रोखून बसतं. त्याची सूक्ष्म छिद्रं उन्हात बंद असतात आणि रात्री गारव्यात उघडतात. हवा रात्री घेऊन ठेवायची आणि दिवसा उन्हावर अन्न करायचं, अशी त्याची रीत. त्यामुळे पाणी फार थोडं उडतं. उन्हाळ्यात माती तळापर्यंत कोरडी झाल्यावर, म्हणजे साधारण आठ-दहा दिवसांनी, एकदा भरपूर पाणी द्यावं. थंडीत तीन-चार आठवड्यांनी पुरे. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली घ्यावी. आमच्याकडे वर्षाला साधारण आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा दोन-अडीच महिन्यांत. तेवढा सगळा कुंडीत गेला तर फड पिवळे पडून बुडाशी मऊ होतात. ताटलीत पाणी साचू देऊ नये. निवडुंग तहानेनं क्वचितच मरतो, प्रेमानं मात्र हमखास मरतो.

तिसरी गोष्ट उन्हाची. रोज पाच-सहा तास ऊन हवंच. घरात आत ठेवलेल्या निवडुंगाचे नवे फड लांबुळके, बोटासारखे बारीक आणि फिकट येतात. लोक म्हणतात, वाढला. तो वाढलेला नसतो, उजेड शोधत असतो. अशा झाडाला एकदम मे महिन्याच्या उन्हात नेऊन ठेवू नये. आठ-पंधरा दिवस हळूहळू सवय करावी, नाहीतर फड भाजतात. ऊन नीट मिळालं आणि झाड मोठं झालं, तर पिवळं फूल येतं. त्या फुलातल्या केसरांना काडीनं हलकेच स्पर्श करा. ते आपोआप आत वळतात. मुलांना हे जरूर दाखवावं.

चौथी गोष्ट काट्याची. लांब काटा दिसतो, म्हणून त्याची भीती कमी. खरी भीती कुसळांची. प्रत्येक डोळ्यात केसाहून बारीक कुसळांचा झुबका असतो. बोट लागलं की ती कातडीत रुततात, दिसत नाहीत आणि दिवसभर टोचत राहतात. रोपवाटिकेत सशाच्या कानांसारखी गोंडस दिसणारी, लांब काटे नसलेली एक जात मिळते. कुसळांच्या बाबतीत तीच सर्वांत खट्याळ. घरात लहान मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवावी. झाड हलवायचं तर वर्तमानपत्राच्या घड्या करून त्यात धरावं किंवा चिमटा वापरावा. कुसळं लागलीच, तर चिकटपट्टी लावून ओढावी. चोळू नये आणि तो हात डोळ्याला तर मुळीच लावू नये.

नवं रोप करणं सोपं. फड जोडावर कापायचा, आठ-दहा दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यायची, मग एक तृतीयांश मातीत खोचायचा आणि आठवडाभर पाणी द्यायचं नाही. बस्स.

आणि एक दिवस फडावर पांढरा कापूस दिसेल. कपाशीवर येतो तसा पिठ्या ढेकूणही असू शकतो. काडीनं थोडा कापूस काढून कागदावर चिरडा. किरमिजी लाल डाग पडला, तर ओळखा, की ज्याच्यासाठी कंपनी सरकारनं बाग लावली आणि ज्याच्या भावानं आपल्या पणजोबांची शेतं मोकळी केली, तो पाहुणा आपल्या ओसरीवर आला आहे. एखाद-दुसरा ठिपका असेल तर स्पिरिटचा बोळा किंवा जुना दात घासायचा ब्रश पुरतो. फार असेल तर तेवढा फड काढून टाकावा.

पण काढलेला फड टाकायचा कुठे? मला आज सर्वांत महत्त्वाचं जे सांगायचं आहे ते इथे आहे. तो उकिरड्यावर, नाल्यात, रेल्वेच्या कडेला टाकू नका. कापलेला फड महिनोन्महिने जिवंत राहतो आणि माती मिळाली की रुजतो. पूर्ण वाळून कोळ होईपर्यंत उन्हात ठेवा, मगच जाळा; किंवा बारीक चिरून खोल पुरा. खिडकीतला निवडुंग नाल्यात गेला की त्याचा पुन्हा कुंपणाचा निवडुंग व्हायला वेळ लागत नाही.

याला फार कडक म्हणू नका. बेशरमही शोभेची आणि कुंपणाची म्हणूनच आली. आज नाले तिनंच भरले आहेत. गाजरगवत १९५५ साली पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं आणि आज धुऱ्याधुऱ्यावर आहे. त्याच्या बंदोबस्तासाठी १९८४ साली बंगळूरला मेक्सिकोतलाच एक भुंगेरा सोडावा लागला. किडा सोडण्याचा उपायही दरवेळी निर्धोक ठरत नाही. ऑस्ट्रेलियाला तारणारा पतंग पुढे कॅरिबियन बेटांवरून १९८९ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोचला आणि मेक्सिकोला आपले निवडुंगाचे मळे वाचवण्यासाठी धावपळ करावी लागली. आपल्याला १९२६ साली ज्या किड्यानं सोडवलं, तोच किडा २०१४ साली मोरोक्कोत दिसला. तिथल्या गरीब शेतकऱ्यांची कुंपणं, जनावरांचा चारा, फळांचं उत्पन्न, सगळं या निवडुंगावर होतं. काही वर्षांत गावंच्या गावं उघडी पडली. झाड तेच आणि किडाही तोच. एका मुलखात सुटका झाली, दुसऱ्या मुलखात सत्यानाश.

हा प्रश्न आता आपल्याकडेही नव्यानं येतो आहे. अमेरिकेतले ल्यूथर बरबँक यांनी शंभरेक वर्षांपूर्वी बिनकाट्याचा निवडुंग तयार केला. 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' हे आपलं १९४६ चं पुस्तक परमहंस योगानंदांनी याच बरबँकना अर्पण केलं आहे. त्यात बरबँक निवडुंगाशी मायेनं बोलत असत, अशी हकिकत येते. कोरडवाहू भागात हिरव्या चाऱ्यासाठी बिनकाट्याच्या निवडुंगावर उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेनं काम केलं आहे. मध्य प्रदेशात सीहोरजवळ अमलाहा इथल्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रात त्याच्या जाती तपासल्या गेल्या आहेत आणि २०२२ पासून केंद्राच्या भूसंसाधन विभागानंही पडीक जमिनीवर त्याची लागवड व्हावी असा आग्रह धरला. मला याचा विरोध नाही. ज्या वऱ्हाडानं गुरं चाऱ्याविना मरताना पाहिली, त्यानं चाऱ्याला नाही म्हणू नये. फक्त एक ध्यानात ठेवावं, की बिनकाट्याच्या निवडुंगाला स्वतःलाच कुंपण लागतं; नाहीतर रोही आणि रानडुकरं त्याचा फडशा पाडतील. आणि लागवड करण्याआधी गावानं तीन प्रश्न विचारावेत. हे झाड आपल्या शेताबाहेर गेलं तर आवरायचं कुणी? बियांपासून उगवलेली रोपं काटेरी निघाली तर काय करायचं? आणि कापूस फुटवणारा तो जुना किडा आला तर चारा वाचवायचा कसा? आपल्या पूर्वजांनी बांधावर पहिला फड खोचला तेव्हा असे प्रश्न कुणी विचारले नव्हते. विचारायला त्यांच्यापाशी आधीचा अनुभव नव्हता. आपल्यापाशी तो आहे.

काकूंना मी एवढंच सांगितलं, की गावाबाहेर काढलेला काटा घरात ठेवायला हरकत नाही, त्याच्यावर नजर असली म्हणजे झालं. त्यांना ते पटलं असावं. पुढच्या आठवड्यात त्यांनी एक फड मागून नेला; वाळूही माझ्याकडचीच नेली.